वाघांची डागडुजी

‘पुनर्बांधणी’ हा शब्द कानावर पडला की मी सावध होतो. बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ही सवय लागतेच. आमच्याकडे कर्ज बुडालं असं कधी कोणी म्हणत नाही. कर्जाची ‘पुनर्रचना’ होते. हप्ते लांबतात, मुदत वाढते, फायलीला नवा पुठ्ठा लागतो, आणि कर्जदार साहेबांच्या केबिनमध्ये बसून आपल्याच खर्चानं आलेला चहा पिऊन जातो. त्यामुळे दहा हजार किलोमीटरवर सिडनी शहरात ‘वेस्ट्स टायगर्स’ नावाचा एक रग्बी लीग क्लब आहे आणि तो गेली कित्येक वर्षं पुनर्बांधणीच करतो आहे, असं कळलं तेव्हा त्या खेळातलं ओ की ठो कळत नसतानाही मला त्या मंडळींबद्दल एकदम घरोबा वाटू लागला.

ही ओळख करून दिली माझ्या मेहुण्यानं. तो सिडनीच्या कॅम्बेलटाऊन या उपनगरात राहतो. घर घेताना त्यानं पाणी पाहिलं, स्टेशन पाहिलं, हप्ता पाहिला. टीम पाहायची राहिली. तिकडे घराबरोबर टीम गळ्यात पडते, जसा आपल्याकडे बायकोबरोबर मेहुणा. तिथल्या रिवाजाप्रमाणे दर मंगळवारी दुपारी चार वाजता सगळे क्लब त्या आठवड्याचा संघ जाहीर करतात. सिडनीचे चार म्हणजे आमचे साडेअकरा. काउंटरला सगळ्यांत मोठी रांग असते ती हीच वेळ. नेमका तेव्हा फोन येतो, “भावजी, टीम लागली!” दहावीचा निकाल लागावा तसा आवाज. मग मी पेन्शनर आजोबांच्या पासबुकात एन्ट्री करता करता वेस्ट्स टायगर्सचा सहा नंबर कोण असावा यावर मत देतो. आजोबा मान डोलावतात. त्यांना वाटतं, व्याजाच्या दराबद्दल चाललंय.

वाचकांच्या सोयीसाठी खेळ थोडक्यात सांगतो. मलाही तो थोडक्यातच कळलाय. एका बाजूला तेरा गडी. चेंडू हातानं फक्त मागे फेकायचा, पुढे न्यायचा तो पळत किंवा लाथेनं. म्हणजे प्रगती करायची, पण मागच्या माणसाकडे काम सोपवत सोपवत. सरकारी खात्यात काम केलेल्याला हे लगेच समजेल. समोरच्यांनी सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांच्या ताब्यात. त्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की चार गुण, नंतर खांबांमधून लाथाडला की आणखी दोन. आता महत्त्वाचं. इथे पाठीवरचा नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो. एक नंबर म्हणजे सगळ्यांत मागचा राखणदार. सहा आणि सात ही डोकं चालवणारी जोडी. नऊ नंबर प्रत्येक पाडापाडीनंतर चेंडू उचलून खेळ सुरू करून देतो. एक, सहा, सात आणि नऊ या चौघांना तिकडे संघाचा कणा म्हणतात. चौदाच्या पुढे गेलात की बाकावर. म्हणजे मंगळवारची यादी ही बदल्यांची ऑर्डरच. कालपर्यंत सात असलेला माणूस आज चौदा झाला, तर सबंध गावाला कळतं की साहेबांची मर्जी फिरली.

लोक नाटकांची परीक्षणं लिहितात, कादंबऱ्यांची लिहितात. मी या याद्या वाचतो. त्यातही पात्रं असतात, संघर्ष असतो आणि शेवट बहुतेक वेळा करुण असतो. सध्याच्या यादीचे लेखक बेंजी मार्शल. २०२४ पासून ते मुख्य प्रशिक्षक. पण त्यांच्याकडे वळण्याआधी खातं मागून तपासायला हवं. सुरुवातीची शिल्लक न बघता ताळेबंदावर मत देणारा माणूस बी. कॉम. झालेला नसतो.

हा क्लब मुळात एक नव्हेच. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स हे दोन क्लब, दोन्ही १९०८ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हाचे, १९९९ अखेर एकत्र आले आणि २००० पासून एका नावानं खेळू लागले. दोन बँकांचं विलीनीकरण ज्यानं आतून पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. बोर्ड एक होतो, लेजरं दोन राहतात. एक मैदान जुन्या बालमेनच्या अंगणात, लाइकार्टला. दुसरं चाळीस-पन्नास किलोमीटर लांब, कॅम्बेलटाऊनला. दोन्हीकडची माणसं अजून एकमेकांना ‘तुमच्याकडचे’ म्हणतात. विलीनीकरणाला पंचवीस वर्षं झाली असतील तर असोत.

तरीही २००५ साली या सावत्र भावंडांनी अजिंक्यपद मिळवलं. अंतिम सामन्यात नॉर्थ क्वीन्सलंडला ३०-१६ असं हरवलं. प्रशिक्षक टिम शीन्स. त्या सामन्यात सहा नंबरच्या एका वीस वर्षांच्या पोरानं जवळजवळ आपल्या अर्ध्यातून पळत जाऊन, पाठीमागून मनगटाच्या झटक्यानं पॅट रिचर्ड्सकडे चेंडू टाकला, आणि तिकडे अजून त्या झटक्यावर लोक चहा थंड करतात. तो पोरगा म्हणजे आजचे प्रशिक्षक बेंजी मार्शल.

त्यानंतरचं खातं मात्र उतरतं. २०११ नंतर २०२५ पर्यंत हा संघ एकदाही बाद फेरीत गेला नाही. बाद फेरीत पहिले आठ जातात. आमचे वाघ २०१६ला नववे, २०१८ला नववे आणि २०१९लाही नववेच. बस सुटताना फलाटावर पोचायची एवढी नियमित सवय मी फक्त आमच्या एका सहकाऱ्यात पाहिली आहे. आणि बसचा विषय निघालाच आहे, तर आयव्हन क्लिअरी यांचं सांगितलंच पाहिजे. २०१७ साली तीन सामन्यांनंतर जेसन टेलर यांना घरी पाठवून क्लिअरींना आणलं. त्यांनी सांगितलं की ही एक बस आहे, ज्यांना यायचंय त्यांनी चढावं. मंडळी भारावून चढली. २०१८ अखेर, कराराची दोन वर्षं बाकी असताना, ड्रायव्हर स्वतःच उतरून पेनरिथला गेले. तिथे त्यांनी २०२१ ते २०२४ अशी सलग चार अजिंक्यपदं मिळवली. बस इथेच उभी होती, इंजिन चालू.

त्यांच्या पाठोपाठ आलेल्या मायकेल मग्वायर यांना जून २०२२ मध्ये काढलं. त्यांनी २०२५ साली ब्रिस्बेनला अजिंक्य केलं. आणि खेळाडूंची गोष्ट तर याहून वाईट. २०१७ साली क्लबाच्या चार मोठ्या खेळाडूंचे करार एकाच वेळी संपत होते: टेडेस्को, मोझेस, वुड्स आणि ब्रुक्स. चारही मुदत ठेवी एकाच तारखेला पिकतील अशा ठेवणारा खातेदार मला भेटला, तर मी रांग सोडून त्याला आत बोलावीन आणि पाणी देईन. तीन ठेवी दुसऱ्या बँकेत गेल्या. त्यांपैकी टेडेस्कोनं सिडनी रूस्टर्सकडून २०१८ आणि २०१९ ची अजिंक्यपदं पाहिली.

चौथा, ल्यूक ब्रुक्स, राहिला. २०१३ पासून २०२३ पर्यंत, दोनशेच्या वर सामने, बाद फेरी शून्य. प्रत्येक नवा प्रशिक्षक आला की पुनर्बांधणी याच्यापासून सुरू व्हायची आणि फसली की खापरही याच्याच डोक्यावर. तो २०२४ला मॅनलीला गेला आणि त्याच वर्षी बाद फेरीत खेळला. मला या माणसाबद्दल जे वाटतं ते विनोदी लेखात बसत नाही, म्हणून पुढे जातो.

२०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षं लागोपाठ वाघ तळाला गेले. तळाला जाणाऱ्याला ‘लाकडी चमचा’ मिळाला असं म्हणतात. चमचा कोणी खरोखर देत नाही. शब्द केंब्रिजचा आहे. आपले रघुनाथराव परांजपे १८९९ साली गणिताच्या ज्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले, त्याच परीक्षेच्या मानाच्या यादीत जो अगदी शेवटी येई त्याला पोरं गमतीनं भला मोठा लाकडी चमचा देत. १९०९ नंतर क्रमानं यादी लावायची पद्धतच विद्यापीठानं मोडली आणि चमचा संपला. म्हणजे एका टोकाला फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल आणि दुसऱ्या टोकाला माझ्या मेहुण्याची टीम, असं हे एकाच यादीतलं नातं आहे. मेहुण्याला हे सांगितल्यावर त्याला आठवडाभर बरं वाटलं.

आता निवडीकडे. २०२३ साली बहात्तर वर्षांच्या शीन्स यांना परत बोलावलं. २०१२ साली याच क्लबानं त्यांना निरोप दिला होता. पण निवृत्त मॅनेजरला सल्लागार म्हणून परत आणायची पद्धत सगळीकडे सारखी दिसते. योजना अशी होती की दोन वर्षं शीन्स, मग त्यांच्या हाताखाली तयार झालेले मार्शल. शीन्स यांनी कोरोइसाउ हा नऊ नंबर आणला, तो अस्सल. बाकी खरेदी मात्र बरीचशी पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांची: पापालीई, क्लेमर, बेटमन. घराचा पाया ओला आहे म्हणून दारं सागवानी बसवावीत, तसं. सहा-सातची जोडी चाचपडतच राहिली.

याचा परिणाम दोन आकड्यांत सांगता येतो. २० मे २०२३ला वाघांनी नॉर्थ क्वीन्सलंडला ६६-१८ असं धुतलं. बरोबर सहा आठवड्यांनी, १ जुलैला, त्याच नॉर्थ क्वीन्सलंडनं वाघांना ७४-० असं परत केलं. मी दोन्ही नोंदी समोरासमोर मांडल्या. २६ गुणांची तूट. पण तुटीपेक्षा मला भीती वाटली ती चढउताराची. असा चढउतार ज्याच्या खात्यात दिसतो त्याच्याकडे आम्ही इन्स्पेक्टर पाठवतो. एप्रिलमध्ये याच संघानं आदल्या वर्षीच्या अजिंक्य पेनरिथला १२-८ हरवलं होतं. म्हणजे माणसं खेळता येत नाही म्हणून हरत नव्हती. उद्या आपल्या शेजारी कोण उभं असणार, हे त्यांना माहीत नव्हतं. वर्षअखेर चार विजय, वीस पराभव. शीन्स एक वर्ष आधीच निघाले आणि मार्शल यांची बढती एक वर्ष अलीकडे आली. त्याआधी मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर ते कुठल्याच क्लबात बसले नव्हते. हे म्हणजे ट्रेनिंग अर्ध्यावर असताना साहेबांच्या बदलीमुळे शाखेच्या किल्ल्या हातात पडणं. आणि शाखा कुठली, तर २०२० अखेर याच क्लबानं खेळाडू म्हणून त्यांना नवा करार दिला नव्हता. पुढच्या वर्षी ते साऊथ सिडनीकडून अंतिम सामना खेळले.

त्यांच्या २०२४च्या यादीत सहा नंबरवर लॉकलन गॅल्विन हा अठरा वर्षांचा मुलगा आणि सात नंबरवर इंग्लंडमधल्या लीड्सहून आलेला बत्तीस वर्षांचा एडन सेझर. गॅल्विनचा जन्मच २००५ सालचा, म्हणजे त्या अजिंक्यपदाच्या वर्षाचा. मार्शल यांच्या मनात काय होतं ते कळतं. त्यांना स्वतःला २००३ साली, शाळकरी वयात, अठराव्या वर्षी शीन्स यांनीच पहिला सामना दिला होता. पण नकल करताना ओळ सुटली. २००५ साली बेंजींच्या शेजारी सात नंबरवर स्कॉट प्रिन्स होता, पंचविशीचा, ऐन भरातला, कर्णधार. २०२४च्या जोडीत नातू होता, आजोबा होते. मधल्या बापाचा पत्ता नव्हता. नातवानं चार-पाच सामने डोळे दिपवले. क्रोनुलाला ३२-६ हरवलं, पॅरामॅटाला एका गुणानं. मग नातू दमला आणि आजोबा तर आधीच दमलेले. शेवटच्या सामन्यात पॅरामॅटाशीच गाठ पडली. जो हरेल त्याच्या नावावर चमचा, मैदान घरचं कॅम्बेलटाऊनचं. पॅरामॅटा ६०, वाघ २६. त्या रात्री मेहुण्याचा फोन आला नाही.

मार्शल यांच्या बाजूचं सांगायचं तर चूक कुठे आहे हे त्यांना दिसलं. २०२५साठी त्यांनी जरोम लुआई आणला: अठ्ठावीस वर्षांचा, पेनरिथच्या चारही अजिंक्यपदांतला. त्याच घरातून तुरुवा आणला, रूस्टर्सनी सोडलेला टेरेल मे आणला. तीस खेळाडूंच्या पगाराला तिकडे सगळ्या क्लबांना सारखी मर्यादा असते, म्हणजे पैसा ओतून प्रश्न सुटत नाही. कुठल्या खात्यावर किती खर्च टाकायचा एवढंच हातात. शीन्स यांनी तो दारांवर टाकला, मार्शल यांनी पायावर. ही खरेदी मला शंभर टक्के पटली. एक नंबर बुला, सहा गॅल्विन, सात लुआई, नऊ कोरोइसाउ. कागदावर असा कणा या क्लबाला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. बाप घरात आला होता.

आणि नातू निघाला.

तिकडे नियम असा की करार संपायच्या आधीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून खेळाडू दुसऱ्या क्लबाशी उघड बोलू शकतो. त्यामुळे काही खेळाडू वर्षभर एका क्लबाचं खातात आणि मनानं दुसऱ्याकडे नांदतात. गॅल्विनचा करार २०२६ अखेरपर्यंतचा. त्यानं एप्रिल २०२५ मध्येच सांगून टाकलं की त्यापुढे मी राहणार नाही. मार्शल यांनी त्या आठवड्याच्या यादीतून त्याला काढलं आणि खालच्या संघात खेळायला पाठवलं. वरच्या संघानं तो सामना गमावला. पुढच्या आठवड्यात गॅल्विन परत यादीत. पुढे हंगाम चालू असतानाच त्याला कायमचं सोडलं आणि तो कँटरबरीला गेला.

या एका आठवड्याच्या शिक्षेवर मी आमच्या कँटीनमध्ये फार बोललो आहे. (कँटीनला विषय कळला नाही, पण तळमळ कळली.) राजीनामा दिलेल्या माणसाशी वागायच्या दोन रीती आहेत. एक, त्याच दिवशी किल्ल्या काढून घ्याव्यात. दोन, नोटिशीचे दिवस त्याच्याकडून नीट काम करून घ्यावं. आठवडाभर किल्ल्या काढून घेऊन सोमवारी परत देणं ही तिसरी रीत आमच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. शिस्त म्हणून काढला म्हणावं तर शिस्त सात दिवसांत संपली कशी? संघाच्या गरजेपोटी परत घेतला म्हणावं, तर ती गरज आदल्या मंगळवारी कुठे गेली होती? त्या यादीत प्रशिक्षक दिसत नाहीत, दुखावलेला माजी सहा नंबर दिसतो. माणूस म्हणून मला ते समजतं. ज्या पोरात आपण स्वतःला पाहिलं त्यानंच ‘मला इथे शिकायचं नाही’ म्हटल्यावर कोण यादी थंड डोक्यानं लिहील? पण मंगळवारी चार वाजता ती थंड डोक्यानंच लिहायची असते. त्याचाच पगार असतो.

गॅल्विनला दोष देणाऱ्यांत मी नाही. एकोणीस वर्षांच्या मुलानं मागचं खातं वाचलं असणार: टेडेस्को गेला आणि जिंकला, क्लिअरी गेले आणि जिंकले, राहिला तो ब्रुक्स. त्याच्या जागी मीही माझ्या मुलाला काय सल्ला दिला असता, सांगत नाही. (कँटरबरीला त्याचा लगेच फायदा झाला असंही नाही, चांगल्या चाललेल्या जोडीत त्याला बसवलं, आणि बाद फेरीतले दोन्ही सामने हरून ते घरी गेले.) वाईट वाटतं ते याचं की तो क्लबाच्याच पोरांच्या संघांतून वर आलेला. कॅम्बेलटाऊनच्या बाजूला मैदानामैदानावर असली पोरं दर शनिवारी चिखलात लोळतात. त्यांचे आईबाप माझ्या मेहुण्याचे शेजारी आहेत. ती पोरं मोठी झाल्यावर कुठल्या रंगाचा शर्ट घालतील, हा पुनर्बांधणीतला खरा प्रश्न आहे, आणि तो लुआईच्या पगारानं सुटत नाही.

एवढं होऊनही २०२५ साल अगदीच गेलं नाही. नऊ विजय, पंधरा पराभव, सतरा संघांत तेरावा नंबर. चमचा न्यूकॅसलला गेला. मेहुण्यानं पेढे वाटले. तेराव्या नंबराला पेढे वाटणारा हा आमच्या घराण्यातला पहिलाच. लुआईनं सात नंबर सांभाळला, बुला मागे उभा राहिला, कोरोइसाउ होता तिथेच होता. फक्त सहा नंबरच्या रकान्यात गॅल्विननंतर पुन्हा खाडाखोड.

आता क्लबाच्या बोर्डाला एक जुनी नोंद दाखवावीशी वाटते, त्यांच्याच वहीतली. शीन्स २००३ साली आले तेव्हा पहिल्या वर्षी संघ पहिल्या आठांत नव्हता. दुसऱ्या वर्षीही नव्हता. तेव्हा कोणी त्यांची बदली केली नाही, बसमधून कोणी उतरलं नाही, आणि तिसरं वर्ष होतं २००५. मार्शल यांची पहिली दोन वर्षं २०२४ आणि २०२५. तिसऱ्या वर्षी अजिंक्यपदच हवं असं मी म्हणत नाही, मेहुणा म्हणतो. मला एवढंच हवंय की लागोपाठ वीस मंगळवार एक, सहा, सात आणि नऊ या चार नंबरांपुढे तीच चार नावं लागावीत. हरले तरी चालेल. निदान काउंटरवरची रांग तरी हलेल.